पाणी अडतं, पिठलं उतरतं

पक्षाघाताच्या झटक्यातून सावरलेला माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्या जेवणाचा बेत घरच्यांनी आधीच ठरवलेला असतो. काही दिवस पातळ आणि मऊ द्यायचं, बस. मग डाळीचं पाणी, नारळपाणी, पातळ पेज सुरू होते आणि नेमका त्याच पेल्यांवर ठसका लागतो. चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येतं, घरचे घाबरतात. हाच माणूस डॉक्टरांसमोर घट्टसर पिठल्याचा अर्धा चमचा मात्र बिनबोभाट गिळतो. पाण्याहून गिळायला सोपं ते काय असणार? मग पाणीच का अडतं?

आजारपणाच्या पथ्यात ‘मऊ’ आणि ‘पातळ’ हे आपण एकाच दमात बोलतो. पोट बिघडलं असेल तर त्यात काही चूक नाही. गिळणं बिघडलेलं असेल, तर मात्र हे दोन गुण वेगवेगळे मोजावे लागतात आणि पुष्कळदा एकाला हो, दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं.

एका सेकंदाचं काम

कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. कंठमणी टुणकन वर उचलला जातो आणि पुन्हा खाली येतो. आता गिळता गिळता श्वास घ्यायचा प्रयत्न करा. कितीही जोर लावला तरी तो जमत नाही.

याचं कारण घशाच्या रचनेत आहे. हवा नाकातून, म्हणजे वरून येते आणि पुढच्या बाजूला असलेल्या श्वासनलिकेत जाते. घास तोंडातून, म्हणजे पुढून येतो आणि त्याला जायचं असतं मागच्या अन्ननलिकेत. या दोन वाटा घशात एकमेकींना छेदतात. रेल्वेच्या फाटकासारखा हा प्रकार आहे. रस्ता, म्हणजे श्वासाची वाट, एरवी सदा उघडा असतो. गाडी, म्हणजे घास, यायच्या वेळी तेवढं फाटक पडतं, गाडी निघून गेली की उघडतं.

हे फाटक पडतं तरी कसं? घास चावणं, लाळेत कालवणं, जिभेवर गोळा करणं हा भाग आपल्या हुकमातला. जिभेनं घास मागे ढकलला की सूत्रं आपल्या हातून जातात. टाळूचा मागचा मऊ पडदा वर उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं. आपल्या बोटाला लागलं ते हेच. त्यातले दोन स्वरतंतू एकमेकांना घट्ट भिडतात आणि कंठच्छद नावाची पानाच्या आकाराची झडप श्वासनलिकेच्या तोंडावर झुकते. गंमत अशी, की स्वरयंत्राच्या त्याच उचलीनं मागची अन्ननलिका ओढली जाऊन उघडते. तिचं तोंड एरवी आवळलेलं असतं. म्हणजे एक दार लावणं आणि दुसरं उघडणं ही दोन्ही कामं एकाच हालचालीत होतात. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदात आटोपतो. पुढे अन्ननलिकेतून जठरापर्यंत पोचायला घासाला आठ-दहा सेकंद लागतात, पण तिथे श्वासाला धोका नसतो.

यासाठी तिसेक जोड्या स्नायू लागतात आणि त्यांना हलवणाऱ्या नसांच्या पाच जोड्या थेट मेंदूतून निघतात. कोणी कधी हलायचं, याचा क्रम मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात ठरतो. दिवसातून शेकडो वेळा, झोपेतसुद्धा अधूनमधून लाळ गिळण्यासाठी, हा क्रम पार पडतो आणि आपल्या गावीही नसतं.

गाडी आधी, फाटक नंतर

पक्षाघातात मेंदूचा काही भाग निकामी झाला की गिळण्याची कळ दाबली जायला उशीर होतो. उशीर फार मोठा असायची गरज नाही, अर्धा-एक सेकंदही पुरतो. पाणी जिभेवर थांबत नाही. मागे निसटतं, घशात उतरतं आणि फाटक अजून उघडंच असतं. पिठलं मात्र एकसंध असतं, सावकाश सरकतं. ते छेदाच्या जागी पोचेपर्यंत सुस्तावलेल्या घशाला दार लावायला वेळ मिळतो. पिठल्याची करामत इतकीच, की ते उशिरा येतं.

थोडं पाणी श्वासनलिकेच्या तोंडाशी गेलं तर निरोगी माणसाला जोराचा ठसका लागतो आणि ते बाहेर फेकलं जातं. त्या अर्थी ठसका हा आपला मित्र. घशाची संवेदनाच बोथट झाली असेल, तर पाणी किंवा अन्न फुफ्फुसाकडे जातं आणि माणूस शांतपणे पुढचा घास मागतो. डॉक्टर याला मूक श्वसनप्रवेश म्हणतात. ‘ठसका लागत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे’ हा घरगुती निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळण्याचा काही ना काही त्रास असतो. गिळणं तपासल्याशिवाय तोंडानं काहीही, अगदी गोळीसुद्धा, देऊ नये असा दंडक त्यामुळेच पडला आहे.

संशय आला की आत डोकावायच्या दोन रीती आहेत. एकीत बेरियम मिसळलेलं पेय आणि अन्न गिळायला देऊन क्ष-किरणांखाली त्याचं चलचित्र घेतात. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घशापर्यंत नेऊन गिळणं पाहतात. ही दुसरी पद्धत १९८८ मध्ये सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. अशी तपासणी आणि पुढचा व्यायाम हे बऱ्याच अंशी वाचा-उपचारतज्ज्ञांचं, म्हणजे स्पीच थेरपिस्टचं काम आहे. आपल्याकडे हे कमी लोकांना ठाऊक असतं. तोतरेपणासाठी जायचं तिथे गिळण्यासाठी कशाला, असं वाटतं. बोलायला आणि गिळायला लागणारे अवयव बहुतांशी तेच आहेत, हे लक्षात घेतलं की नवल वाटत नाही.

म्हणून सगळ्यांना घट्ट?

नाही. इथेच पुष्कळांची गल्लत होते.

तंबाखू-गुटख्यानं झालेल्या तोंडाच्या कर्करोगात ज्याच्या जिभेचा मोठा भाग काढावा लागला आहे, त्याचं पाहा. त्याच्या घशाची कळ बहुधा वेळेवर दाबली जाते, अडचण आहे ती घास मागे ढकलण्याची. घट्ट पिठलं त्याच्या तोंडात नुसतं फिरत राहतं. पातळ पेय मात्र स्वतःच्या वजनानं मागे जातं. किरणोपचारांनी लाळ आटलेल्या माणसाला घट्ट, कोरडं अन्न टाळूला चिकटतं. अन्ननलिकाच आक्रसली असेल, तर पाणी सुरळीत जातं आणि पोळीचा घास छातीत अडकतो. अनुभवी डॉक्टर सुरुवातीलाच विचारतात, ‘पाणी अडतं की पोळी?’ अर्धं निदान त्या उत्तरात असतं.

पक्षाघातातसुद्धा दाट अन्नाची दुसरी बाजू आहे. घशाचे स्नायू दुबळे असतील तर घास पुरता रेटला जात नाही. जिभेच्या मुळाशी आणि स्वरयंत्राच्या दोन्ही अंगांना ज्या नैसर्गिक खोबणी आहेत, त्यांत थोडा उरतो. गिळणं संपतं, श्वासाची वाट उघडते आणि मग तो साठा हळूहळू आत ओघळतो. अन्न जितकं घट्ट आणि चिकट, तितकं मागे जास्त उरतं. पातळ पदार्थ गिळण्याआधी किंवा गिळताना घात करतो, घट्ट पदार्थ गिळून झाल्यावर. दोन्हींच्या मधली जागा प्रत्येक रुग्णाची वेगळी असते आणि तीच शोधायची असते.

एक सिरिंज आणि एक काटा

‘जरा घट्टसर’ म्हणजे किती? सासूबाईंचं घट्टसर आणि सुनेचं घट्टसर यांत फरक असतोच, इस्पितळा-इस्पितळांतही होता. २०१३ मध्ये ‘इडसी’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय गट या कामासाठी उभा राहिला आणि २०१५ मध्ये त्यानं शून्य ते सात अशा आठ पायऱ्या ठरवून दिल्या. शून्य म्हणजे साधं पाणी, सात म्हणजे नेहमीचं जेवण. पेयं शून्य ते चार, अन्न तीन ते सात. तिसरी आणि चौथी पायरी दोघांनाही सामाईक.

मोजमाप स्वयंपाकघरात करता येईल असं आहे. १० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्यायची. तिच्यावरच्या शून्य ते दहा खुणांची लांबी ६१.५ मिमी असायला हवी, कारण सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. आतला दट्ट्या काढून, टोकाला बोट लावून ती १० मिलीपर्यंत भरायची, बोट काढायचं आणि १० सेकंदांनी पुन्हा लावायचं. आत १ मिलीहून कमी उरलं तर शून्य पायरी. १ ते ४ मिली उरलं तर पहिली, ४ ते ८ दुसरी, ८ ते १० तिसरी. थेंबही गळला नाही तर चौथी. घरचं ताक, आमटी, सूप यांवर हा प्रयोग करून पाहावा. आपण ‘दाट’ म्हणून दिलेलं ताक पाण्याच्या किती जवळचं आहे, हे पाहून धक्का बसतो.

खायच्या पदार्थांसाठी काटा लागतो. त्याच्या दोन दातांमधली फट साधारण ४ मिमी असते आणि पाचव्या पायरीवर मोठ्या माणसाच्या अन्नातला कण याहून जाड असून चालत नाही. सहाव्या पायरीवर दीड सेंटीमीटरपर्यंतचे तुकडे चालतात, पण मऊपणाची अट आहे. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत काट्यानं दाबल्यावर तुकडा चिरडला पाहिजे आणि दाब काढल्यावर पुन्हा फुगता कामा नये. उकडलेला लाल भोपळा यात सहज पास होतो, पनीरचा रबरी तुकडा नापास. चौथ्या पायरीसाठी चमचा तिरपा करून पाहतात. पदार्थ चमच्यावर आकार धरून राहावा आणि तिरपा करताच एकगठ्ठा खाली पडावा, मागे जेमतेम थर उरावा. ओघळला तर पातळ, चिकटून बसला तर धोक्याचा.

वरणभाताची परीक्षा

आता ही पट्टी मराठी ताटाला लावू. सगळ्यांत सौम्य म्हणून जो पहिल्यांदा दिला जातो, तो वरणभातच पहिल्या फटक्यात अडतो. भाताची शितं सुटी आहेत आणि भोवती वरणाचं पाणी. शितं चावायला माणूस तोंडात घास धरून ठेवतो, तेवढ्यात वरण मागे निसटतं. एकाच घासात दोन वेगळ्या वेगाचे पदार्थ असले की ही पंचाईत होते. शेवयांची खीर, दुधात बुडवलेले पोहे, रश्शातली उसळ, भरपूर ताकातला सरसरीत दहीभात, सगळे याच माळेतले. कलिंगडाची फोडसुद्धा यातच येते, कारण चावताच तिचं पाणी वेगळं होतं.

तोच वरणभात सुधारता येतो. तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र, नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी घालून, कुकरच्या जादा शिट्ट्या देऊन गुरगुटी खिचडी शिजवायची. डावानं किंवा रवीनं ती गरम असतानाच घोटायची, म्हणजे शीत वेगळं दिसत नाही. वरून साजूक तूप घालायचं. ते चवीसाठी असतंच, पण त्यानं घास निसरडाही होतो. मग थोडी थांबून चमच्याची परीक्षा घ्यायची. थांबायचं कारण असं, की तांदळाचा पदार्थ निवता निवता आळतो. पातेल्यात बरोबर वाटलेली खिचडी पाचव्या मिनिटाला ताटलीत गोंद होऊ शकते. हाताशी गरम पाण्याचं भांडं असावं.

फोडणीकडे कुणाचं लक्ष जात नाही. पिठलं मलईसारखं गुळगुळीत, पण त्यात मोहरी, कढीपत्ता, मिरचीची साल. उपम्यात उडदाची डाळ आणि शेंगदाणे. नेमके हेच कण घशाच्या खोबणीत जाऊन बसतात. फोडणी करून तेल गाळून घालावं. हिंग-हळदीचा वास तेलात उतरलेला असतो, चव कुठे जात नाही.

चव गेली तर मात्र नुकसान आहे. ‘आजाऱ्याला बेचव’ हा हट्ट इथे सोडावा. अळणी, कोमट लगदा जिभेला जाणवतच नाही. काही रुग्णांमध्ये आंबट चवीनं किंवा गारव्यानं गिळण्याची कळ लवकर दाबली जाते असं दिसून आलं आहे. पिठल्यात लिंबाचे चार थेंब, नीट फेटलेलं गार श्रीखंड हे नुसते लाड नव्हेत. आईस्क्रीम आणि कुल्फी मात्र फसवी. चमच्यात घट्ट असतात आणि तोंडात वितळून पाणी होतात. ज्याला पातळ मना आहे, त्याला त्याही मनाच.

पोळी-भाकरीबद्दल वाईट वाटलं तरी स्पष्ट सांगायला हवं. त्या शेवटी येतात. चावून त्यांचा चिवट गोळा होतो, तो फुटत नाही. बेसनलाडू टाळूला बसतो, साबुदाण्याची खिचडी चिकटते, उकडीच्या मोदकाची पारीही तशीच. जपानमध्ये दर नववर्षाला मोची हा चिकट तांदळाचा गोळा घशात अडकून वृद्ध दगावतात आणि तिथलं अग्निशमन दल दरवर्षी सावधगिरीचा इशारा देतं. पोळी द्यायचीच झाली, तर तज्ज्ञाच्या परवानगीनं, दुधात पुरती भिजवून, घोटून, बाजूला सुटं दूध राहणार नाही अशी.

उष्टी पेज पातळ का होते

बाळाला भरवणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. वाटीतली दाट खीर अर्धी खाऊन होईपर्यंत पाणचट होते. लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, लांब रेणू तोडतं आणि चमच्याबरोबर ते वाटीत पोचतं. नाचणीचं सत्त्व, आरारूट, तांदळाची पिठी यांनी दाट केलेलं पेय म्हणून भरवता भरवता पायरी बदलतं. इलाज साधा आहे. थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून घ्यायचं, उष्टा चमचा मोठ्या भांड्यात घालायचा नाही. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या झँथन डिंकाच्या भुकटीवर लाळेचा असा परिणाम होत नाही, मात्र ती महाग पडते.

दाट पाण्याची एक किंमतही आहे. ते कुणाला आवडत नाही, माणूस कमी पितो. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ५१५ रुग्णांच्या एका अभ्यासात एका गटाला साधं पाणी हनुवटी खाली घेऊन प्यायला दिलं होतं, दुसऱ्यांना दाट पेयं. हे रुग्ण स्मृतिभ्रंशाचे किंवा पार्किन्सनचे होते. न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही आणि दाट पेयांच्या गटात शरीरातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून दाट पेय एकदा सुरू केलं की कायमचं, असं करू नये. ठरावीक काळानं पुन्हा तपासून घ्यावं आणि लघवी गडद, कमी होते का इकडे लक्ष ठेवावं. अमेरिकेतल्या केंटकीमधल्या फ्रेझियर पुनर्वसन संस्थेत १९८० च्या दशकात तर वेगळीच वाट काढली गेली. जेवणाबरोबर नाही, पण दोन जेवणांच्या मध्ये, तोंड स्वच्छ करून, निवडक रुग्णांना साधं पाणी द्यायचं. स्वच्छ तोंडातून गेलेलं थोडं पाणी फुफ्फुस शोषून घेऊ शकतं. दूध, रस किंवा अन्नाचे कण त्याला तसे पेलत नाहीत. अर्थात हा निर्णय तज्ज्ञाचा, घरच्यांचा नव्हे.

चौकट : जेवण थांबवून डॉक्टरांना कळवा
*गिळल्यानंतर ‘आ’ म्हणायला सांगितल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल. दर घासाला घसा खाकरावा लागत असेल. जेवताना धाप लागत असेल. वारंवार ताप किंवा छातीत कफ होत असेल. जेवणाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागून वजन उतरत असेल, तर ठसका नसला तरी वाट पाहू नका. घास अडकून माणसाला बोलता, खोकता किंवा श्वास घेता येत नसेल, तर ती तातडीची वेळ आहे. पाणी पाजू नका, मदत बोलवा.*

भरवणाऱ्याचा हात

लँगमोर यांनीच १९९८ मध्ये वृद्धांच्या एका अभ्यासात शोधलं, की न्यूमोनियाचा अंदाज कशावरून बांधता येतो. गिळण्यातल्या दोषाइतक्याच, किंबहुना त्याहून ठळक दोन गोष्टी पुढे आल्या. माणूस खाण्यासाठी दुसऱ्याच्या हातावर अवलंबून आहे का, आणि तोंड स्वच्छ करण्यासाठी अवलंबून आहे का. फुफ्फुसात जाणाऱ्या लाळेबरोबर तोंडातले जंतू जातात. नाकातून राईल्स ट्यूब, म्हणजे अन्न द्यायची नळी, घातली असली तरी लाळ तोंडातच तयार होते आणि घशातूनच जाते. म्हणून नळीवर असलेल्या माणसाचंही तोंड दिवसातून दोन-तीनदा घासायला हवं. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं आणि रुग्णाला ते कळतही नाही. जेवणानंतर तिथे बोट फिरवून पाहावं.

भरवणारा उभा राहिला की खाणारा मान वर करतो, आणि मान वर गेली की श्वासाची वाट ताठ उघडी राहते. म्हणून समोर, त्याच्याच उंचीवर बसावं. चमचा खालून आणावा. कंठमणी वर जाऊन खाली आलेला दिसेपर्यंत पुढचा घास नाही. तांब्यातून वरून पाणी पिण्याची आपली सवय या काळात पूर्ण बंद. उभट पेलाही अडचणीचा, कारण तो अर्धा रिकामा झाला की कड नाकाला लागते आणि मान आपोआप मागे जाते. पसरट वाटी बरी. आणि ठसका लागला की ‘वर बघ, वर बघ’ म्हणत डोक्यावर थापटण्याची जी रीत आजीपासून चालत आली आहे, ती नेमकी उलटी आहे. माणसाला किंचित पुढे झुकू द्यावं, खोकू द्यावं.

जेवताना पाठ ताठ, पाय टेकलेले, टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवावं. हनुवटी छातीकडे घेऊन गिळण्याची युक्ती पुष्कळांना उपयोगी पडते, सगळ्यांना नाही. तपासणीत फायदा दिसला तरच वापरावी.

मेंदूची दुसरी बाजू

बऱ्याच रुग्णांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं, याचं कारण १९९० च्या दशकात मँचेस्टरमध्ये शाहीन हमदी यांच्या गटानं दाखवलं. गिळण्याचं नियंत्रण मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत असतं, पण बहुतेकांत एक बाजू वरचढ असते. हात-पायांसारखी सरळ वाटणी इथे नाही. वरचढ बाजूला इजा झाली तर गिळणं बिघडतं आणि ते सुधारतं तेव्हा शाबूत बाजूचा गिळण्याचा हिस्सा वाढलेला आढळतो. त्या बाजूला काम शिकायला सराव लागतो आणि गिळण्याचा सराव मुख्यतः गिळण्यानंच होतो. महिनोन्‌महिने फक्त नळी किंवा फक्त लगदा ठेवला, तर तो मिळत नाही. एका पायरीवर आठवडाभर बिनतक्रार जमलं की पुढच्या पायरीची तपासणी मागून घ्यावी. घाई करू नये, पण भीतीपोटी अडकूनही बसू नये.

गोळ्यांचं काय?

जेवणाची इतकी काळजी घेणारं घर गोळी मात्र सवयीनं पाण्याबरोबर देतं. गोळी आणि पाणी म्हणजे पुन्हा एकाच घासात दोन वेगांचे पदार्थ. परवानगी असेल तर ती घट्ट दह्याच्या किंवा श्रीखंडाच्या चमच्यात बुडवून द्यावी. कुटायच्या आधी मात्र विचारायलाच हवं. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, कुटल्यावर सगळा डोस एकदम पोटात जातो. काहींवरचं आवरण जठरातल्या आम्लापासून औषध वाचवायला असतं. अशा गोळ्यांऐवजी तेच औषध द्रवरूपात किंवा दुसऱ्या रूपात मिळतं का, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं, आणि द्रव औषध मिळालंच तर तेही आधी सिरिंजमधून सोडून त्याची पायरी पाहून घ्यावी.